बाईंचा जुना आवाज

उज्वला गायकवाड बाईंचा आवाज एके काळी असा होता, की शाळेच्या पायरीवरून हाक मारली की ओढ्यापलीकडं बोरं वेचणारी पोरं दप्तर हुडकायला लागायची. लोधिवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ती वाडी. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. त्यातली पहिली-दुसरी बाईंकडं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, आमाला घड्याळ कशाला, बाईंची कविता ऐकू आली की डाळ चुलीवर चढवायची.

मग गळ्याला गाठ आली. गेल्या वर्षी मे महिन्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण आवाजाची एक नस दुखावली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, असं होऊ शकतं, कधी आवाज परत येतो, कधी नाही येत. बाईंनी वाट बघितली. गरम पाणी, ज्येष्ठमध, गळ्याचे व्यायाम, सगळं केलं. जे परत आलं त्याला आवाज म्हणवत नव्हतं. नुसतं वारं होतं. सुपातून तांदूळ पाखडताना येतं ना, तसं.

फोनवर लोक "हॅलो हॅलो" करून ठेवून द्यायचे. शिळफाट्याच्या बाजारात बाई काही मागायला गेल्या की वाणीसुद्धा कुजबुजायला लागायचा. "बाई, साखर किती?" जसं काय दोघं मिळून साखर चोरतायत.

हसू यायचं बाईंना. पण वर्गात उभं राहिलं की नाही यायचं.

भाषा शिकवणारी बाई, आणि आवाज नाही. स्वयंपाक्याचे हात गेले तर काय राहिलं, असं त्यांना वाटायचं. फळ्याजवळ उभं राहून शिकवणं बंद झालं. मग त्या फरशीवर पोरांच्यात बसायच्या, एकेकाच्या जवळ जायच्या, कानाशी बोलायच्या. पुढच्याला ऐकू जायचं, मागच्याला नाही. मागचा पुढच्याला ढोसायचा, "बाई काय बोलली रं?" पुढचा सांगायचा. दिवसभर ही कुरबुर चालू. बाईंना वाटायचं, हे काय शिकवणं आहे? हा तर नुसता गलका आहे.

ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुख भोईर साहेब शाळा बघायला आले. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, "बाई, मी सरळ बोलतो. खालापूरला पंचायत समितीत माणूस कमी हाय. शाळांची माहिती ऑनलाइन भरायचं टेबल हाय. गळ्याला आराम मिळंल. पोरांना मी दुसरी बाई देतो. दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा मला."

माणूस चांगला. मनापासून बोलला. त्याचाच बाईंना जास्त त्रास झाला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

आणि त्याच आठवड्यात ते ट्रेनिंग आलं.

कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या भाषा शिकवणाऱ्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण. शाळा सुटल्यावर मोबाईलवर बसायचं. ग्रुपवर लिंक यायची, ती दाबायची, की पडद्यावर चौकोनच चौकोन. कुणाच्या मागं देव्हारा, कुणाच्या मागं वाळत घातलेले कपडे, एक गुरुजी तर रोज रिक्षात बसलेले. शिकवायला कर्जतचे स्वप्नील सर. तरुण पोरगा, स्वतःच शिकत शिकत इथवर आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सगळ्यांनी माइक बंद ठेवा. कुणाला बोलायचंय त्यानं चॅटमध्ये लिहा. मागं आमची म्हैस ओरडतेय, ती काय मला बंद करता येत नाही, तिच्यासाठी माफी."

सगळ्यांनी माइक बंद ठेवले.

बाई मोबाईलकडं बघत राहिल्या. वर्ष उलटून गेलं होतं त्या चारचौघांत नीट बसल्या नव्हत्या. लग्नात कोपऱ्यात, मीटिंगमध्ये मागं. आणि इथं सगळेच मुके! रिक्षातले गुरुजी मुके, मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका मुक्या. जो तो बोटानं बोलतोय. आणि बोटं तर बाईंची फार चालायची. वर्षभर घरात नवऱ्याला, लेकीला, भाजीवाल्याला लिहून दाखवूनच तर काम चाललं होतं.

स्वप्नील सरांनी विचारलं, मुलाच्या घरची बोली वर्गात आली तर काय कराल? सगळे विचार करेपर्यंत बाईंचा मेसेज पडला पण. "येऊ द्यायची. आधी त्याला त्याच्या बोलीत सगळं सांगू द्यायचं. पुस्तकातला शब्द नंतर शेजारी ठेवायचा. त्याचा शब्द उचलून फेकायचा नाही."

"वा! कोण या? उज्वला मॅडम! मॅडम, कमाल!"

दोन-तीन दिवसांत बाई त्या वर्गात फेमस झाल्या. स्वप्नील सर प्रश्न टाकायचे आणि म्हणायचे, "उज्वला मॅडम, तुम्ही जरा थांबा, बाकीच्यांना संधी द्या." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बाईंना गप्प बसायला सांगत होतं, तेही आवाज गेल्यावर. घरी चहा घेता घेता त्या आपल्याशीच हसायच्या. नवरा, प्रीतम, विचारायचा, "काय झालं गं?" त्या मोबाईल पुढं करायच्या. तो वाचायचा आणि म्हणायचा, "च्यायला. टॉपर."

ट्रेनिंगमध्ये बरंच शिकवलं. मोबाईलवर गोष्टीची चित्रं कशी हलवायची, मुलांचं वाचन रेकॉर्ड करून त्यांनाच कसं ऐकवायचं. एके दिवशी व्हिडिओवर वेगळा आवाज कसा चढवायचा ते दाखवलं. स्वप्नील सरांनी म्हशीच्या तोंडावर स्वतःचा आवाज चढवला. म्हैस म्हणाली, "गृहपाठ पूर्ण करा." सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली.

आणि मग शेवटचं काम आलं. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या भाषेच्या पाठाचा व्हिडिओ करून टाकायचा. खाली निकष. त्यातला पहिलाच, शिक्षकाचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत स्पष्ट जावा.

बाईंनी ती ओळ वाचली आणि मोबाईल पालथा ठेवला.

त्या ट्रेनिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, ही हुशार बाई आहे, कमी बोलते. बाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं. हा व्हिडिओ नीट झाला तर आपण अजून बाई आहोत. नाही झाला तर भोईर साहेबांना फोन करून हो म्हणायचं. म्हणजे फोन नाही, मेसेज.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई चालत खाली आल्या. वाडीचा रस्ता जुन्या हायवेला लागतो तिथं चिंचेखाली प्रीतमचा टेंपो उभा असायचा. तो शिळफाट्याहून सिमेंट-पत्रे आणून गावागावांत टाकायचा, आणि वेळ जमली तर बाईंना घ्यायला थांबायचा. आज बाई जरा लवकर निघाल्या होत्या. टेंपोजवळ आल्या आणि जागीच थांबल्या.

टेंपोतून त्यांचाच आवाज येत होता.

"मुलांनो, आज आपण बाजारात जाऊ या! चला, पिशवी घेतली का? सांगा बरं, टोपलीत काय काय आहे?" मग थोडी शांतता. मग, "शाब्बास! अगदी बरोबर!"

लॉकडाऊनमधला पाठ. तेव्हा शाळा बंद, म्हणून बाई रोज सकाळी घरात बसून पाठ रेकॉर्ड करायच्या आणि पोरांच्या आईबापांच्या मोबाईलवर पाठवायच्या. प्रश्न विचारला की मध्ये मोकळी जागा सोडायच्या, पोरानं घरी बसून उत्तर द्यायला. मग शाब्बास.

प्रीतम डब्यातली भाकरी मोडत होता. स्टीअरिंगवर मोबाईल टेकवलेला. डोळे मिटून ऐकत होता, कुणी भजन ऐकावं तसा.

बाईंनी दार उघडलं. तो दचकला. घाईघाईत मोबाईल बंद करायला गेला तर भाजीचं बोट लागून आवाज आणखी मोठा झाला. "शाब्बास! शाब्बास!"

"कधीपासून ऐकता हे?" बाईंनी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही, पण कळलं.

"रोज नाय गं. कधीतरी."

"तुम्हाला ती बाई पाहिजे."

"कोन बाई?"

बाईंनी मोबाईलकडं बोट केलं.

"येडी का? तूच हाय ना ती!" प्रीतमनं भाकरी डब्यात ठेवली. हात पुसत बसला. मग रस्त्याकडं बघत बोलला. "टेंपो चालू झाला की तू काय बोलतीस ते इंजिनात ऐकू येत नाय मला. पयले कशी बडबड करत यायचीस घरापर्यंत, याव नि त्याव. आता तू बाजूला बसतीस आन मी रस्ता बघत बसतो. नाय करमत. म्हनून लावतो एकला असलो की. तुला वाईट वाटंल म्हनून सांगितलं नाय."

बाई आत चढून बसल्या. काही बोलल्या असत्या तरी ऐकू गेलं नसतं, समोरून डंपर गेला.

घराजवळ आल्यावर प्रीतमनं विचारलं, "व्हिडिओचं काय केलंस?"

बाईंनी मान हलवली.

"मग लाव की हाच आवाज. त्या म्हशीला लावला तसा. तुझाच हाय, कोनाचा चोरून आनलेला थोडाच हाय?"

तो गमतीत बोलला होता. पण बाई टेंपोतून उतरल्याच नाहीत. बसूनच राहिल्या. खरंच की. कुणाचा चोरलेला थोडाच आहे?

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांवर मोबाईल उभा केला. बाजाराचं मोठं चित्र फळ्याला लावलं. पोरांना जवळ घेऊन सांगितलं, आज मी नुसतं तोंड हलवणार. मी हात वर केला की तुम्ही मोठ्यानं उत्तर द्यायचं. पोरांना वाटलं नवीन खेळ आहे.

बाईंच्या एका कानात, पदराआड, प्रीतमच्या मोबाईलवरून जुना पाठ चालू होता. त्या तालावर त्या तोंड हलवत होत्या. "मुलांनो, आज आपण बाजारात जाऊ या!" हात वर. "काकडी! वांगी! मासली!" हात खाली. तोंडानं शाब्बास. फळ्याजवळ उभं राहून, पाठ ताठ ठेवून. फार दिवसांनी.

घरी येऊन दोन्ही जोडलं. हे ट्रेनिंगमध्येच शिकलेलं, त्यामुळं अडलं नाही. ओठ जरा मागं-पुढं होत होते, ते सरकवून बसवले. मग चालू करून बघितलं.

काय बाई दिसत होती ती! खणखणीत. वर्ग भरून टाकणारी. बाईंना स्वतःचाच हेवा वाटला.

प्रीतमनं बघितलं. "एक नंबर," म्हणाला. पण दुसऱ्यांदा लाव म्हणाला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

व्हिडिओ टाकायची शेवटची तारीख सोमवार. ओठ आणखी एकदा तपासायचे आणि शाळेतून घरी आल्यावर टाकायचा, असं बाईंनी ठरवलं होतं. पण सोमवारी वर्गात पाऊल टाकलं नाही तोच पोरांनी वेढा घातला. "बाई, दाखवा ना! बाई, आमचा शिनेमा!" ह्या पोरांचा नियमच आहे. फोटो काढला की दाखवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी फोटोला उभं राहत नाही.

बाईंनी मोबाईल मधोमध फरशीवर ठेवला. बावीस डोकी त्याच्यावर वाकली.

"आयो! माझी चड्डी दिसतेय!" जितेश ओरडला. सगळे खिदळले. "ती बघ कोंडी, केस कसे हायत!" "तूच बघ तुझं थोबाड!"

मग हळूहळू खिदळणं कमी झालं. कोंडी बाईंच्या सगळ्यात जवळ बसणारी पोर. तिला बोलताना बाईंच्या पदराचं टोक हातात लागायचं. ती मोबाईलकडं बघत होती, मग बाईंकडं, परत मोबाईलकडं.

"बाई, ही कोन?"

"कोण?"

"ही बोलतेय ती."

बाईंनी आपल्या छातीवर हात ठेवला. मी.

कोंडीनं जोरात मान हलवली. "नाय."

"अगं, मीच. माझा जुना आवाज आहे तो."

"बाई काय बोलली?" मागून कुणीतरी.

"बाई बोलते, ती बाईच हाय," कोंडीनं वळून सांगितलं.

"हॅट! खोटं!" धाऊ उठून उभा राहिला. "आमची बाई कवाच वरडत नाय!"

"ती ओरडत नाही रे, बोलतेय. मोठ्यानं."

"मंग सांगा तिला, हळू बोल. आमाला ऐकाया येतं."

बाईंना हसावं का काय करावं कळेना. तेवढ्यात जितेशनं पडद्यावर बोट आपटलं. "बघा बघा! धाऊ काय बोललाच नाय! नाकात बोट घालून बसलाय! आन ती बोलते, शाब्बास!"

वर्ग फुटला. पोरं लोळायला लागली. जो तो नाकात बोट घालून दुसऱ्याला दाखवायला लागला. "मी घातलं, मला शाब्बास बोल!" धाऊचं तोंड लाल. तो म्हणाला, "तिला दिसत नाय काय? आंधळी हाय ती बाई!"

"तिला आपली नावं पन म्हाईत नाय," कोंडी हळूच म्हणाली. "नुसतं मुलांनो, मुलांनो."

बाईंनी मोबाईल उचलला. बंद केला. ह्या पोरांनी तो आवाज वर्गात कधी ऐकलेलाच नव्हता, हे त्यांच्या आत्ता डोक्यात शिरलं. ही सगळी त्याच्यानंतर शाळेत आलेली. ह्यांच्यासाठी बाई म्हणजे ही. कानाशी येणारी. दुसरी कुठली बाई ह्यांना ठाऊकच नाही, तर ती गेली म्हणून ह्यांना काय वाटणार?

कोंडीनं पदर ओढला.

"बाई, तुमच्या तोंडावर दुसरी बाई कशाला बसवली?"

बाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं ते पोरांनी बघितलं. धाऊला वाटलं आपल्यामुळंच, तो गुपचूप खाली बसला आणि म्हणाला, "बाई, चुकलं. आता मी नाकात बोट नाय घालनार."

मग बाई हसल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, आवाज न करता.

हसू आवरलं तेव्हा त्यांनी एक पाटी घेतली, ती तांब्याला टेकवून उभी केली, पाटीला मोबाईल टेकवला, आणि आपल्या हातानं रेकॉर्डिंग चालू केलं. फळ्यावरचं चित्र काढून फरशीवर अंथरलं. भोवती पोरं बसली. गुडघ्याला गुडघा.

बाई धाऊकडं वाकल्या. "धाऊ, तू बाजारात गेलास का रे कधी?"

"बाई काय बोलली?" मागची ओळ.

"बाई बोलते, धाऊ बाजारात गेलता काय," पुढच्यांनी सांगितलं.

"गेलतो की!" धाऊ सरसावून बसला. "आय शिळफाट्याला काकड्या घेऊन बसते. मी पन बसलेलो. एक गाडीवाला आला. काच खाली केली. चाखाया काकडी मागितली. आयनं दिली. त्यानं खाल्ली, आन काच वर करून गेला!"

"अरे! मग?" बाई.

"बाई काय बोलली?"

"मंग, बोलते!"

"मंग आयनं त्याला शिवी घातली."

"कुठली?" हे मागच्या ओळीला सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी एकदमच विचारलं.

धाऊनं बाईंकडं बघितलं. बाईंनी भुवया उडवल्या. धाऊ बाईंच्या कानाशी गेला आणि कानात सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. आता बावीस पोरांना ती शिवी हवी होती. मग बाई म्हणाल्या, शिवी राहू दे, ती आई त्या गाडीवाल्याला नीट बोलली असती तर काय बोलली असती, सांगा. आणि जो सुटला वर्ग! "ओ दादा, काकडी झाडाला फुकट लागते, पन तोडाया मी जाते!" "ओ शेठ, पोट भरलं का? घरच्यांना पन घेऊन या!" कोंडी उभी राहून कमरेवर हात ठेवून काकडीवाली झाली. जितेश गाडीवाला झाला, तोंडानं काच वर-खाली करत होता. बाई एकाकडून दुसऱ्याकडं गुडघ्यांवर सरकत होत्या, कानाशी एखादा शब्द ठेवत होत्या, चाखणे, भाव, गिऱ्हाईक, आणि पोरं तो शब्द उचलून मागं पोचवत होती.

घरी येऊन बघितलं तर व्हिडिओ अगदीच वेडावाकडा. निम्म्या वेळ कुणाचीतरी पाठ. बाई दिसतात त्या नुसत्या अंबाड्यानं. आवाज पोरांचाच. बाईंचा ऐकायचा तर मोबाईल कानाला लावावा लागतो, आणि लावला तरी वारंच.

दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी होते. प्रीतम बाजूला बसला होता. बाईंनी त्याला दोन्ही दाखवले. तो पहिल्याबद्दल काहीच बोलला नाही. दुसरा बघताना मात्र हसत सुटला. "कुठली शिवी घातली गं?" बाईंनी त्याच्या कानात सांगितली. "आयला," तो म्हणाला, "काकडीवाली बाई जोरदार हाय."

बाईंनी दुसरा व्हिडिओ टाकला. 

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे व्हिडिओ थोडे थोडे दाखवायचे आणि ज्याचा त्यानं माइक चालू करून दोन शब्द बोलायचे, असं ठरलं होतं. स्वप्नील सर म्हणाले, "आता आपल्या स्टार! उज्वला मॅडम, माइक चालू करा. आज तरी तुमचा आवाज ऐकू द्या आम्हाला."

बाईंनी माइक चालू केला.

"नमस्कार. मी उज्वला गायकवाड."

सगळे चौकोन थांबले. स्वप्नील सर स्क्रीनजवळ आले. "मॅडम, माइकचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. हेडफोन काढून बघता?"

"माइक चांगला आहे सर," बाई म्हणाल्या. एक एक शब्द सुटा करून, जेवढं वारं होतं तेवढं लावून. "माझाच आवाज असा आहे. ऑपरेशन झालं. आता एवढाच आहे."

रिक्षातल्या गुरुजींनी रिक्षा बंद करायला सांगितलेली दिसली. स्वप्नील सर मागं सरकले. "मॅडम, तुम्ही आधी सांगितलं नाहीत कधी."

"सगळेच तर म्यूट होते सर."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सरांनी व्हिडिओ लावला. पाठी दिसल्या, अंबाडा दिसला, काकडी झाली, गाडीची काच वर गेली. चॅटमध्ये पहिला मेसेज रिक्षातल्या गुरुजींचा, "शिवी कोणती ते कळले नाही, कृपया पुन्हा लावावे."

स्वप्नील सर मात्र प्रामाणिक पोरगा. म्हणाले, "मॅडम, मी लपवत नाही. निकष माझ्या हातात नाहीत. शिक्षकाचा आवाज स्पष्ट, तिथं मला तुम्हाला जवळजवळ काहीच देता येणार नाही. वाईट वाटतंय मला."

"बरोबर आहे ते," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरोबर वाटलं. नाकात बोट घातलेल्याला शाब्बास मिळण्यापेक्षा हे बरं.

तेवढ्यात कर्जतच्या डोंगराकडच्या एका बाईंनी माइक चालू केला. "उज्वला मॅडम, मला एक विचारायचंय. माझा आवाज चांगला मोठा आहे. पण माझ्या वर्गातली मागची पोरं तोंडच उघडत नाहीत. तुमची मागची पोरं एवढी कशी काय बोलतात?"

बाई विचारात पडल्या. हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"त्यांना ऐकू येत नाही ना," त्या म्हणाल्या, "म्हणून विचारतात."

त्या बाई काहीतरी लिहून घेत होत्या. स्वप्नील सरांनी व्हिडिओ मागं नेऊन मागच्या ओळीवर थांबवला आणि तीच बघत बसले. मागं म्हैस ओरडली, तिच्याबद्दल माफी मागायचंही राहून गेलं त्यांचं.

सुट्टी लागायच्या आधीच्या दिवशी बाई खालापूरला गेल्या. प्रीतमनं टेंपो पंचायत समितीच्या फाटकाबाहेर लावला. "येऊ का वर?" बाईंनी नको म्हणून सांगितलं.

भोईर साहेबांच्या खोलीत पंखा खडखडत होता, प्रिंटर चालू होता, दारात तीन गुरुजी बदलीवरून वाद घालत होते. साहेबांनी बाईंना बघितल्याबरोबर कोपऱ्यातल्या एका टेबलाकडं हात केला. त्याच्यावर नवीन कंप्युटर, प्लास्टिकही काढलं नव्हतं. "या बाई! बघा, तुमचं टेबल. खिडकी पन हाय."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. बोलल्या.

"काय?" साहेब पुढं वाकले.

बाई परत बोलल्या. प्रिंटरनं कागद ओढला.

साहेबांनी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. "लिहून दाखवा बाई. गळ्याला कशाला त्रास?"

बाईंनी कागद परत त्यांच्याकडं सरकवला. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटला. इकडं या.

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. तालुक्यातले गुरुजी त्यांच्यापुढं उभे राहतात, आणि ही बाई त्यांना उठवतेय. दारातले तिघेही वाद विसरून बघायला लागले. साहेब क्षणभर बसून राहिले. मग उठले, चाकांची खुर्ची ढकलत ढकलत टेबलाला वळसा घालून बाईंच्या शेजारी आणली, बसले, आणि कान पुढं केला. "हां. बोला."

"मी वाडीवरच थांबते साहेब. दुसरी बाई नको."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. जवळून बघितल्यावर बाईंचा चेहरा वेगळाच दिसत होता, घाबरलेला नव्हता. "विचार केला का नीट?"

"केला."

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. त्या दिवशी मी मागं बसलो होतो. एक अक्षर ऐकू आलं नाय मला."

"पुढच्या वेळी पुढं बसा," बाई म्हणाल्या. "धाऊच्या शेजारी. तो सरकून घेईल."